३४,५०० रुपयांना पडलेला सेकंड हँड कॅमेरा

पहिला कॅमेरा सेकंड हँड घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे ३४,५०० रुपये गेलेत. १०,००० यूपीआयनं टोकन म्हणून, उरलेले २४,५०० रोख, छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकाबाहेर मोजून हातात दिले.

निकॉन डी ५६००, सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच येते ती) आणि ५० एमएम एफ १.८ डी. अजिंठ्याच्या लेण्यांत अंधार, फ्लॅशला बंदी, म्हणून कमी उजेडात चालणारी १.८ ची लेन्स हवीच होती. मी काही डोळे झाकून गेलो नव्हतो. व्हिडिओ बघितले, भाव काढले, मगच फोन लावला. "दादा, घरगुती वापर आहे, पाच हजार क्लिकसुद्धा नाहीत," असं विकणारा शपथेवर सांगत होता.

खटकायला हवं होतं ते इथं. मी म्हणलं, या कॅमेऱ्यानं काढलेला एक फोटो मेलवर पाठव, मूळ फाईल. निकॉनच्या मूळ फाईलमध्ये शटर किती वेळा पडलं तो आकडा असतो. त्यानं फोटो टाकला व्हॉट्सअॅपवर. तिथं साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते. परत मागितलं तर, "नेट स्लो आहे दादा, भेटल्यावर बघा की." भेटला तेव्हा दिवस मावळलेला, माझी शेवटची गाडी लागलेली, आणि कॅमेऱ्यात कार्डच नाही. घरी राहिलं म्हणे! कॅमेरा विकायला आलेला माणूस कार्ड घरी ठेवून येतो? तिथंच माघारी फिरायला पाहिजे होतं. पण टोकनचे दहा हजार त्याच्याकडे अडकलेले. टोकन देऊच नका, कुणी कितीही गोड बोलू द्या.

घरी फोटो काढून त्याची फाईल तपासली. १,८७,४१२ क्लिक. या मॉडेलच्या शटरची चाचणी कंपनी एक लाखापर्यंत करते. म्हणजे लग्नसराईत पिळून काढलेला कॅमेरा घरगुती म्हणून माझ्या गळ्यात मारला. किट लेन्सवर मोबाईलचा टॉर्च धरला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ५० एमएमचा ऑटोफोकस लागेना. लागणारच नव्हता, डी ५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते आणि 'डी' लेन्समध्येही नसते. या बॉडीला आत मोटर असलेल्या, एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्या. 'एकदम फास्ट फोकस' असं त्यानं जाहिरातीत लिहिलं होतं! त्यानं दिलेल्या बिलावरचा सीरियल नंबर एक, कॅमेऱ्याच्या बुडावरचा दुसरा. बाकी काही जमलं नाही तरी हे दोन नंबर ताडून बघा.

फोन केला तर नंबर ब्लॉक.

मग पोलीस ठाण्याच्या चकरा. आमच्या गावातले साहेब म्हणाले, व्यवहार तिकडं झाला, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, तुम्ही राहता तिथं द्या. नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते, हे मी त्यांना सांगायचं? वर प्रश्न काय, तर "कॅमेरा मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" अहो, बिल दुसऱ्याच कॅमेऱ्याचं आहे! "ही दिवाणी बाब आहे." सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला, त्यांनी यूपीआयचे १०,००० तेवढे नोंदवले, रोखीच्या २४,५०० चं नावही नाही. म्हणून सांगतो, रोख देऊ नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर उत्तर मिळालं, विकणारा दुकानदार नाही. एकाच नंबरावरून पाच कॅमेरे विकायला काढणारा दुकानदार नाही तर कोण?

ठाणं ऐकत नसेल तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवता येते. मी दोन्ही सीरियल नंबरांचे फोटो, चॅट आणि यूपीआयची नोंद जोडून रजिस्टरनं पाठवली. पोच आली आहे. उत्तर अजून नाही.