कासवाच्या पेटीत ऊन: एकच बल्ब, की ट्यूब आणि हॅलोजन?

जमिनीवरचं कासव घरात ठेवायचं तर त्याला ऊब हवी आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरणही हवेत. या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि दिवे घेताना गल्लत होते ती इथेच. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. यूव्हीबी नसेल तर कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं, कवच मऊ पडत जातात. पेटी खिडकीशी ठेवून भागत नाही, कारण काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते.

मर्क्युरी व्हेपर बल्बचं आकर्षण मला कळतं. ऊब, उजेड, यूव्हीबी सगळं एकाच होल्डरमध्ये. पण त्याला डिमर किंवा थर्मोस्टॅट चालत नाही. पेटी तापली की बल्ब वर घ्यायचा, आणि वर घेतला की यूव्हीबीही घटतं. शिवाय एकदा विझला की गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. उंच, ऐसपैस, वरून उघड्या पेटीत तो चांगलं काम करतो; लहान पेटीत मी तो लावणार नाही.

यूव्हीबी देणारी टी५ हाय आउटपुट ट्यूब (बारीक, जास्त ताकदीची) आणि सोबत ऊब देणारा, रुंद झोताचा हॅलोजन फ्लड बल्ब या जोडीला दोन होल्डर लागतात, मांडणीही थोडी किचकट. तरी माझं मत हिच्याच बाजूनं. पेटीच्या निम्म्या लांबीची ट्यूब एका टोकाकडे लावली की त्या बाजूला ऊन आणि दुसरीकडे सावली मिळते. कुठे बसायचं ते कासव ठरवतं. हॅलोजन त्याच उन्हाच्या टोकाला हवा, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी पडतात. डिमिंग थर्मोस्टॅट लावून ऊब कमी-जास्त केली तरी यूव्हीबी तेवढंच राहतं. हर्मन किंवा ग्रीक जातीच्या कासवाला ऊन खायच्या जागी कवचाच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस पुरतात. फ्लडच घ्या, स्पॉट नको: अरुंद झोतानं कवचाचा माथा भाजतो आणि पाय मात्र गार राहतात.

यूव्हीबीचीच टी८ ट्यूब टी५पेक्षा कमी ताकदीची, बुटक्या पेटीपुरती ठीक. कॉम्पॅक्ट यूव्हीबी बल्ब स्वस्त असतो, पण त्याचा उपयोगी पट्टा इतका लहान की कासव चार पावलं सरकलं तरी त्याबाहेर जातं. तो मी सुचवणार नाही.

कोणताही दिवा घेतलात तरी तो डोक्यावरच हवा. कासवाच्या भुवईचा उंचवटा वरच्या उन्हापासून डोळे झाकतो, बाजूच्या झोतापासून नाही. मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. बारीक जाळीसुद्धा बरंच यूव्हीबी खाते. टायमरवर रोज सुमारे १२ तास ठेवा. रात्री लाल बल्ब नको, ऊब हवीच असेल तर बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर लावा. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ट्यूब लख्ख जळत असली तरी ते घटलेलं असू शकतं. यूव्हीबी मोजायचं मीटर असेल तर मोजा, नसेल तर उत्पादकानं दिलेल्या मुदतीत, साधारण ६ ते १२ महिन्यांत, बदला.

दिवे लावले की कासव लगेच आत सोडू नका. एक-दोन दिवस पेटी रिकामीच चालवा आणि दोन्ही टोकांना जमिनीलगत थर्मामीटर ठेवून दुपारचा आकडा बघा.