सिव्हिलचं एआरटी सेंटर: आतल्या खोलीला पाच स्टार, बाहेरच्या पॅसेजला दोन

गेली चार वर्षं मावशीला घेऊन आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलला जातोय, एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या आणायला, म्हणून म्हटलं आता एकदा नीट लिहूनच टाकू. हॉस्पिटलचं नाव देत नाही. गाव छोटं आहे, मावशीने अजून शेजारच्या काकूंनाही सांगितलेलं नाहीये.

आधी थोडं मागचं. माझे काका, म्हणजे मावशीचे मिस्टर, २००३ ला गेले. शेवटी टीबी झाला होता, आणि एचआयव्ही असलेल्यांना मारणाऱ्या आजारांत टीबी आजही सगळ्यात पुढे आहे. औषधं तेव्हा नव्हती असं नाही हो, सिप्ला या औषध कंपनीने २००१ मध्येच तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरमध्ये संस्थांना द्यायची तयारी दाखवली होती, पण आमच्यासारख्या घरात ते कुठून पोचणार. सरकारने फुकट औषधं सुरू केली १ एप्रिल २००४ ला, तीही सुरुवातीला मोजक्याच सरकारी हॉस्पिटलांत. काकांचं वर्षभराने चुकलं. मावशीचा सीडी४, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, २०० च्या खाली गेला २००७ ला, तेव्हा तिला गोळ्या चालू झाल्या. तेव्हा नियमच तसा होता, आकडा पडेपर्यंत थांबायचं. २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी४ कितीही असो, औषध चालू.

आता सेंटरबद्दल. आतली माणसं एक नंबर. काउन्सेलर ताई मावशीला नावाने ओळखतात, हिरवं बुक, म्हणजे तिच्या उपचारांची नोंदवही, हातात घेतात, आणि फार्मसीवाला डबीतल्या उरलेल्या गोळ्या झाकणात ओतून मोजतो. मावशी डबीवरचं लेबल नाण्याने खरवडून काढते आणि वरून कापूस कोंबते, बसमध्ये खुळखुळ वाजू नये म्हणून. मोजायच्या आधी तो कापूस तो काढून बाजूला ठेवतो आणि मोजून झालं की न विसरता परत घालून देतो. बास, मला एवढ्यावरच पाच स्टार द्यावेसे वाटतात.

औषधही बदललं. पहिल्या कोर्समध्ये स्टॅव्ह्यूडिन होतं, त्याने मावशीचे गाल आत गेले आणि पायाला मुंग्या, लोक म्हणायचे काय गं, जेवत नाहीस का. आता टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, एकच गोळी, दिवसातून एकदा, बस. वर्षाला व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याची टेस्ट, तीही फुकट, आणि मागच्या तिन्ही वेळा व्हायरस सापडलाच नाही इतका कमी. इतका कमी राहिला की संबंधातूनसुद्धा दुसऱ्याला लागण होत नाही, हे ताईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मावशी हसली, म्हणे आता मला सांगून काय उपयोग पोरी.

आता बाहेरच्या पॅसेजला दोनच स्टार का, ते सांगतो. मागच्या वर्षी सोनोग्राफीला पाठवलं तर तिथल्या माणसाने फाईल वर धरून भर पॅसेजमध्ये ओरडून विचारलं, एआरटीवाल्या बाई कोण. पन्नास माणसं वळून बघतायत. २०१७ चा कायदा आहे, २०१८ पासून लागू पण झालाय, संमतीशिवाय कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट उघड करता येत नाही आणि त्यावरून उपचार नाकारता येत नाहीत, पण तो कायदा त्या पॅसेजपर्यंत काही आलेला दिसला नाही. मावशी त्यानंतर एक फेरी चुकवणार होती, मीच ओढून नेलं. आणि फेरी चुकली की गोळी चुकते, मग व्हायरस परत डोकं वर काढतो.

दुसरं म्हणजे टेस्टिंगची बाजू. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीची टेस्ट आणि समुपदेशन करणारं केंद्र आहे, मी वाट बघता बघता स्वतःची पण टेस्ट करून घेतली. आधी दहा मिनिटं बोलणं, मग रक्त, तासाभरात रिपोर्ट. पैसे शून्य. तुम्ही का आलात असं तोंड वाकडं करून कुणी विचारलं नाही. पण बाहेरचा निरोधचा डबा रिकामा, आणि पोस्टर इतकं जुनं की रंग उडालाय. ७२ तासांच्या आत घेतली तर लागण टाळू शकणारी २८ दिवसांची औषधं असतात, त्याचा एक शब्द नाही कुठे. ताईंना विचारल्यावर कळलं.

हे मी उगाच खुसपट काढत नाहीये. नॅकोचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे आकडे बघा, २०१० ते २०२३ मध्ये देशात एड्सने होणारे मृत्यू जवळपास ८० टक्क्यांनी कमी झाले पण नवीन लागण ४४ टक्क्यांनीच कमी झालीये. म्हणजे आतली खोली काम करतेय, बाहेरचा डबा रिकामा आहे. त्यात महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारे लोक देशात सगळ्यात जास्त, जवळपास चार लाख, तेव्हा आपल्याकडे तरी तो डबा भरलेला पाहिजे ना.

जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, प्रचंड गर्दी. हिरवं बुक आणि उरलेल्या गोळ्यांची डबी सोबत न्या, नाहीतर घरी परत पाठवत नाहीत पण बोलणी खावी लागतात. केसपेपरच्या मोठ्या लायनीत उभं राहायची गरज नाही, सरळ मागच्या जिन्याने वर जा. टेस्ट कुठे करायची माहीत नसेल तर १०९७ ला फोन लावा, फुकट आहे. पाण्याची बाटली घरून न्या, तिथला कूलर मी पहिल्यांदा गेलो तेव्हापासून बंदच आहे.