अँप्लिफायर, डीएसी की स्पीकर: कशासाठी कोणती ‘ब्लाइंड’ चाचणी?

दोन उपकरणांतून एक निवडायचं असेल तर ऐकायचे मुख्य तीन मार्ग आहेत: समोर ठेवून नेहमीसारखं ऐकणं, एबीएक्स चाचणी, आणि पडद्याआडून पसंतीक्रम लावणं. शेवटचे दोन ‘ब्लाइंड’, म्हणजे काय वाजतंय हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं. काय विकत घ्यायचंय, त्यावर मार्ग ठरतो.

समोर ठेवून ऐकणं सर्वांत सोपं, पण तिथे डोळे कानांवर कुरघोडी करतात. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच स्पीकर लपवून आणि दाखवून, असे दोन्ही प्रकारे ऐकवले. दिसल्याबरोबर मोठ्या, महागड्या स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या, स्वस्त संचाचे घसरले. ऐकणारे सगळे ध्वनिक्षेत्रातल्याच कंपनीचे कर्मचारी होते, म्हणजे जाणकारही यातून सुटत नाहीत.

अँप्लिफायर, डीएसी (डिजिटल माहितीचं ध्वनि-संकेतात रूपांतर करणारं उपकरण), केबल किंवा फाइल फॉरमॅट यांसाठी माझं मत ठामपणे एबीएक्सला. यात ‘ए’ आणि ‘बी’ ओळखीचे असतात. ‘एक्स’ त्यांपैकी कोणता, हे सांगायचं. 16 पैकी 12 वेळा बरोबर आलात तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी. फाइलींची तुलना करायला संगणकावर गाणी वाजवणाऱ्या फूबार2000 या प्रोग्रॅममध्ये यासाठी प्लगइन मिळतं. मेयर आणि मोरन यांनी 2007 मध्ये हाय-रेझोल्यूशन (सीडीहून जास्त तपशिलाचा) ध्वनी थेट आणि सीडीच्या दर्जातून फिरवून, असा दोन्ही प्रकारे ऐकवला; 554 पैकी 276 उत्तरं बरोबर आली, म्हणजे छापा-काटाच. अर्थात, तुम्हाला फरक ओळखता आला नाही म्हणून तो कुणालाच ऐकू येणार नाही, असं सिद्ध होत नाही. कान थकतात, त्यामुळे मध्ये विश्रांती घ्या.

खरी मेख मात्र आवाजाच्या पातळीत आहे. किंचित मोठा आवाज मोठा वाटत नाही, ‘जास्त खुला’, ‘जास्त जिवंत’ वाटतो. त्यामुळे दोन्ही अँप्लिफायरांची पातळी 0.1 डेसिबलच्या आत जुळलीच पाहिजे, आणि ते कानाने जमत नाही. साधारण 400 हर्ट्झचा टोन कमी आवाजात लावा, स्पीकर जोडलेला असतानाच त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. एकाचे 2.00 आणि दुसऱ्याचे 2.02 आले तर चालेल; 2.20 आले तर फरक जवळपास 0.8 डेसिबलचा झाला, पुढची सगळी मेहनत वाया. पातळी न जुळवता घेतलेल्या ‘ब्लाइंड’ चाचणीवर मी अजिबात विश्वास ठेवणार नाही.

स्पीकरांसाठी एबीएक्सचा फारसा उपयोग नाही. ते वेगळे वाजतात हे कुणीही ओळखेल. प्रश्न आवडीचा आहे. तिथे आवाज न अडवणारं पातळ कापड आडवं लावा, अदलाबदल दुसऱ्याकडे सोपवा आणि गुण लिहून काढा. प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर वाजवा, मोनोमध्ये (एकाच स्पीकरवर) दोष लवकर पकडता येतात. आणि जागा बदलून फेरी पुन्हा घ्या: भिंतीजवळ ठेवलेल्याचा बास फुगतो आणि तुम्ही स्पीकरऐवजी कोपऱ्यालाच गुण देऊन बसता.

चाचणीत दोन्ही सारखेच ठरले, तर मग खुशाल डोळे उघडा. रिमोट, जोडण्या, तापणं, वॉरंटी आणि दिसणं या गोष्टी तशाच पारखायच्या असतात.