रिक्षाबंदीतून जन्मलेलं दप्तर, बडोद्याच्या रिक्षात

आधी वजन सांगतो, कारण दुकानात हे जपानी दप्तर बघणारा प्रत्येक जण ते उचलतो आणि पहिलं तेच विचारतो. रिकामं, १ किलो २६० ग्रॅम. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर दोनदा केलंय. आपल्याकडचं त्याच मापाचं चांगलं नायलॉनचं दप्तर साडेपाचशे-सहाशे ग्रॅममध्ये बसतं.

माझं बडोद्याच्या दांडिया बाजारात दप्तरं, बॅगा, सुटकेसी दुरुस्त करायचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. जूनमध्ये चेन आणि पट्टे सोडून दुसरं काम हातात येत नाही. कुठल्या शाळेच्या पोरांची दप्तरं कुठून फाटतात हे मला त्यांच्या बाईंपेक्षा जास्त माहीत असतं. तेव्हा हा रिव्ह्यू धंद्यातल्या माणसाचा आहे असं समजून वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. 'रांदोसेरू' म्हणतात ती ही जपानी दप्तरं थोड्याफार फरकानं सगळी एकाच घाटाची असतात.

आलं कसं ते सांगतो. माझी भाची मनू आता बडोद्याला परत आलीय, आधी नवऱ्याच्या नोकरीपायी जपानात नागोयाला होती. मुलगा चिकू एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या पहिलीत गेला. तिथं रीत अशी की दप्तर आजी-आजोबांनी घ्यायचं, तेही वर्षभर आधीपासून बघून, दुकानात पोराच्या पाठीवर लावून. मनूनं हे आईला फोनवर सांगितलं आणि माझ्या बहिणीनं एक छोटी एफडी मोडली. ५८ हजार येन, म्हणजे तेव्हाच्या भावानं पस्तीस हजारांच्या आसपास. मला महिनाभर कोणी आकडा सांगितला नाही. सांगितला तेव्हा मी म्हटलं, ताई, एवढ्यात मी अख्खी शाळा शिवून दिली असती.

शिवायचं काम आलंच. शाळा सुरू व्हायच्या आधी तिथल्या आयांना पिशव्या शिवाव्या लागतात. पुस्तकांची एक, वर्गात घालायच्या बुटांची एक, व्यायामाच्या कपड्यांची एक, जेवणाच्या रुमालाची एक, सगळ्यांची मापं सेंटिमीटरमध्ये ठरलेली. वर फरशी पुसायची शिवलेली फडकी. मनूनं मापं व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि खाली लिहिलं, 'मामा, वाचव'. मी मंगळ बाजारातून जाड सुती कापड आणून सगळं शिवलं, फडक्यांनासुद्धा चौकडीची शिलाई मारली. मग कळलं की फडकं घरी ठेवायचं नसतं. पोरं रोज आपला वर्ग, जिना, व्हरांडा स्वतः पुसतात, त्यासाठी ते. गणिताच्या पेटीतल्या एकेका मणीएवढ्या चकतीवरही आईनं पोराचं नाव लिहायचं असतं. मनूनं दोन रात्री जागून ती चिकटवली.

आता वस्तू. बाहेरचं कातडं खरं नाही, जपानी कृत्रिम कातडं आहे, आणि मी चाळीस वर्षं रेक्झिनची सालं निघताना बघितली असल्यामुळे सांगतो, हे सोललं जात नाही. कड कुठंही नुसती कापून सोडलेली नाही. पातळ करून, आत दुमडून, वरून शिलाई. टाका जाड दोऱ्याचा, अंतर सगळीकडे सारखं. भिंगातून बघितलं तरी चूक सापडेना, मग मी भिंग ठेवून दिलं.

खरी करामत दोन ठिकाणी आहे. एक, खांद्याचे पट्टे पाठीला जिथं जोडलेत तिथं. आपल्याकडे पट्टा सरळ शिवणीत घुसवतात, म्हणून तो तिथंच उसवतो. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा दप्तरांत सहा त्याच जागी गेलेली असतात. इथं धातूची एक बिजागरी आहे, पट्टे तिच्यावर फिरतात आणि मुळाशी वर उभे राहतात. त्यामुळे दप्तर कमरेवर लोंबत नाही, पाठीला लागून राहतं. सव्वा किलो हातात लागतं तेवढं पाठीवर लागत नाही, ते याच्यामुळे. दोन, बाजूचा आकडा. त्याला डब्याची पिशवी किंवा काहीही अडकवा, पण कशात अडकून जोराचा हिसका बसला तर तो आपणहून निखळतो, म्हणजे पोर ओढलं जात नाही. दप्तर टिकावं म्हणून आकडा मजबूत करायचा, हे मी आयुष्यभर केलं. पोर टिकावं म्हणून आकडा मुद्दाम कच्चा ठेवायचा, हे सुचलं नव्हतं.

कुलूप झाकणाच्या अगदी खाली, लोहचुंबकाचं. लावायला विसरलं तर अख्खं झाकण उघडं राहतं. चिकू विठ्ठल मंदिरात वाकून नमस्कार करायला गेला आणि पाठीवरून चोपड्या, कंपास, खोडरबर सगळं डोक्यावरून गाभाऱ्यासमोर. जपान हा वाकून नमस्कार करायचा देश असून हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मनू म्हणाली, आलंय, तिथंही पोरांचं असंच सांडतं.

आता काय नाही ते. पाण्याच्या बाटलीला कप्पा नाही. डब्याला जागा नाही. पहिल्या आठवड्यात थेपल्याचं तेल आणि छुंद्याचा रस मराठीच्या पुस्तकात उतरला. मी म्हटलं, पस्तीस हजारांत डब्याचा विचार केला नाही? तर तिथं डबा नसतोच. जेवण शाळेत शिजतं, १९५४ मध्ये त्याचा कायदा झालाय. पोरं पाळीपाळीनं पांढरा डगला आणि टोपी घालून आपल्या वर्गाला वाढतात, आणि ज्याची पाळी संपली तो शुक्रवारी तो डगला घरी नेऊन, धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत आणतो. बाटली गळ्यात तिरकी लटकवतात. म्हणजे दप्तरात कप्पा नाही तो कंजूषपणानं नाही, तो कप्पा शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. चिकूनं इथं दुसरीत पहिल्याच दिवशी डबा खाल्ल्यावर फडकं मागितलं. वर्गातल्या बेन, म्हणजे बाई, म्हणाल्या, बेटा, पुसायला मावशी येतात.

(माझ्या आजोबांचं दप्तर म्हणजे चौकोनी फडकं होतं, पाटी आणि पुस्तक आत बांधायचं. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेलीत लावून बघितलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात आणलं. पोर शाळेत नाही पाठवलं तर बापाला दंड. आजोबा म्हणायचे, आमचं दप्तर सरकारनं बांधलं, गाठ आईनं मारली.)

आता रिक्षा. मनूचं घर अकोट्याच्या बाजूला, शाळा किलोमीटरभरही लांब नाही, पण मधे मोठा रस्ता, म्हणून रिक्षा लावली. आपल्या शाळेच्या रिक्षांचं तुम्हाला माहीत आहेच: पोरं आत, दप्तरं बाहेर दांडीला लटकलेली. मऊ दप्तरं एकमेकांत दबून बसतात. ही पेटी दबत नाही. दोन दिवसांनी रिक्षावाले काका म्हणाले, 'आ पेटी तो एक छोकरानी जग्या खाय छे.' खोटं नव्हतं. शेवटी ती मागे, स्टेपनीच्या वर, सुतळीनं बांधली जायला लागली.

आणि इथं मला हसू आवरेना. हे दप्तर जपानी शाळांत आलं कसं, तर १८८५ मध्ये टोकियोच्या गाकुशुइन या बड्या घरांतल्या पोरांच्या शाळेनं घोडागाडीतून आणि माणसानं ओढायच्या रिक्षातून यायला बंदी घातली. नोकरांनी सामान उचलून आणायचं नाही, शाळेत सगळे सारखे, आपलं ओझं आपल्या पाठीवर. त्यासाठी सैनिकांची पाठपिशवी घेतली, तिचं डच नाव 'रान्सेल', त्याचं रांदोसेरू झालं. दोन वर्षांनी तेव्हाचे पंतप्रधान इतो हिरोबुमींनी युवराजाला शाळाप्रवेशाची भेट म्हणून पेटीच्या आकाराची करून दिली, तोच घाट आजवर चालू आहे. रिक्षा हा शब्दसुद्धा जपानीच. म्हणजे रिक्षा बंद करायला काढलेलं दप्तर रिक्षालाच बांधून बडोद्यात फिरतंय. डचांची वखार जपानसारखी सुरतेलाही होती, पण त्यांनी आपल्याला दप्तर दिलं नाही. आपलं दप्तर फारसीतून आलं, आणि ते कचेरीतल्या कागदांचं.

नागोयात चिकू चालत जायचा. गल्लीतली पोरं ठरलेल्या कोपऱ्यावर जमतात, सहावीतलं पोर पुढं, पहिलीतली मधे, पिवळी टोपी, दप्तरावर पिवळं कव्हर, म्हणजे गाडीवाल्याला कळावं की हे नवखं आहे. पट्ट्याला एक कर्कश भोंगा, ओढला की वाजतो. शाळा सुरू व्हायच्या आधी मनू त्याच्याबरोबर तो रस्ता सात-आठ वेळा चालली, मग आई घरी.

एकदा माझ्याकडे जर्मनीहून परतलेल्या एका गिऱ्हाइकानं तिथलं दप्तर बकल बदलायला आणलं होतं. केशरी रंग असा की डोळ्यांत खुपेल. त्यांच्याकडे शाळेच्या दप्तराचं प्रमाणक आहे: पुढच्या आणि बाजूच्या भागाचा २० टक्के दिवसा भडक दिसणारा (फ्लोरोसंट), १० टक्के गाडीच्या दिव्यात उजळणारा. चौथीत पोलीस येऊन पोरांची सायकलची परीक्षा घेतात, आणि त्याच चौथीच्या शेवटी बहुतेक राज्यांत ठरतं की पोर पुढं कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार. त्या गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, 'भाऊ, सायकलचं आवडलं. दहाव्या वर्षी पोराची लाइन ठरवतात ते नाही आवडलं, म्हणून आलो.' फिनलंडच्या शाळांचं मी काही लिहीत नाही. आमच्या वाड्यातले निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी लिहिण्याएवढं बोलतात.

ओझ्याचं आपण बोलत आलोय फार वर्षं. लेखक आर. के. नारायण राज्यसभेत १९८९ मध्ये पहिल्यांदा उभे राहिले ते दप्तराच्या ओझ्यावरच बोलले. १९९३ मध्ये यशपाल समितीनं त्यावर अहवाल दिला. २०२० च्या दप्तर धोरणात लिहिलंय की ओझं पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नको, तिसरी ते पाचवीला फार तर अडीच किलो. चिकूचं वजन २४ किलो. एका मंगळवारी त्याचं भरलेलं दप्तर काट्यावर घातलं: ५ किलो १०० ग्रॅम. दप्तराचे सव्वा वजा करा, तरी पावणेचार उरतात. वर्गपाठ वेगळा, गृहपाठ वेगळा, दोन्ही रोज. जपानातही पोरांची दप्तरं जड झालीत, पण तिथल्या शिक्षण खात्यानं २०१८ मध्ये शाळांना कळवलं की रोज न लागणारी पुस्तकं वर्गात ठेवू द्या. मी इथं शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, 'कपाटं कुठायत?' शाळेचं नाव घेत नाही. मात्र त्याच शाळेकडे स्वतःचा शिक्का मारलेली दप्तरं विकायला एक अख्खी खोली आहे, आणि चिकूच्या डायरीत दोनदा लाल शाईत आलंय की शाळेचंच दप्तर आणावं. ते आम्ही घेतलं. साडेनऊशेचं. चार महिन्यांत पट्टा उसवला, तो मीच बसवला, आणि पोर पुन्हा पेटीवर आलं.

पूर सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होत नाही. ऑगस्ट २०२४, विश्वामित्री नदी घरात आली. तळमजला, कमरेइतकं पाणी, दोन दिवस. उतरल्यावर बघतो तर पलंग फुगलेला, कपाटाचं प्लायवूड सुटलेलं, आणि ही पेटी स्वयंपाकघराच्या दारात चिखलात उभी, जणू कोणी ठेवून गेलंय. चोपड्यांचा लगदा झाला होता. दप्तर मी नळाखाली धुतलं, सावलीत आठवडाभर वाळवलं. आकार तसाच. दोन रिबिटं गंजली, ती पितळेची घातली. सहा वर्षांची दुरुस्तीची हमी आहे, तिथं दुरुस्त होईपर्यंत दुसरं दप्तर वापरायला देतात म्हणे, पण ती नागोयात. इथली हमी म्हणजे मी.

घ्यावं का? या किमतीत, इथं, नाही. एसटीतून, रिक्षातून, व्हॅनमधून जाणाऱ्या पोराला नाही. कोणी परदेशातून जुनं आणत असेल तर जरूर घ्या, माझ्याकडे आणा, बाटलीचा कप्पा मी बाहेरून लावून देतो, कातड्याला भोक न पाडता. ती फिरती बिजागरी मी निवारीच्या पट्ट्यावर जमवून बघितली. दोन दप्तरं झालीत, ६९० ग्रॅममध्ये. एक पट्टा कुरकुरतो, त्यावर काम चालू आहे.

जानेवारीत काकांची रिक्षा आठवडाभर गॅरेजला होती. चिकू म्हणाला, मामाआजोबा, चालत जाऊ. पेटी पाठीवर, मी मागे दोन पावलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीतली अजून तीन पोरं आली, चिकूनं त्यांना एका रांगेत लावलं आणि मोठ्या रस्त्यावर हात वर करून उभा राहिला. एक बस खरंच थांबली. सोमवारी रिक्षा दुरुस्त होऊन आली, महिन्याचे पैसे आधीच दिलेले होते.