मूळ धातूंची कार्डं, पाच महिने वापरून: आणि ते 'पेड'चं कार्ड

लेक अकरावी सायन्सला गेली तेव्हा हा संच घेतला. दोनशे कार्डं, साडेसहाशे रुपये. समोर लॅटिन किंवा ग्रीक धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, मागे त्यापासून झालेले इंग्रजी शब्द.

दुसऱ्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून 'घ्या' म्हटलं असतं. जीवशास्त्रातली ती जीभ अडखळवणारी नावं तिला एकदम सोपी झाली. आर्थ्रो म्हणजे सांधा, पॉड म्हणजे पाय: आर्थ्रोपोडा. पावसाळ्यात कुंडीखाली गोगलगाय दिसली, तर ही खाली बसून म्हणाली, "आई, गॅस्ट्रो म्हणजे पोट. बघ, पोटच पाय झालंय हिचं!" गॅस्ट्रोपोडा ती आता जन्मात विसरणार नाही.

मग 'पेड' आलं. कार्डावर अर्थ 'पाय', मागे चार शब्द: पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिअ‍ॅट्रिशियन (मुलांचा डॉक्टर), ऑर्थोपेडिक (हाडांचा). पोरीनं विश्वासानं पाठ केलं, क्लासच्या चाचणीत तसंच लिहिलं आणि मार्क गेले. मी शब्दकोश काढला. पहिले दोन बरोबर. तो लॅटिन पाय, आपल्या 'पद'चा सख्खा नातेवाईक. पुढच्या दोघांत मात्र पायाचा संबंधच नाही. तिथं ग्रीक 'पाइस' आहे, म्हणजे मूल. 'ऑर्थोपेडिक'मधलं ऑर्थो म्हणजे सरळ. निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरनं 1741 साली मुलांच्या शरीरातली व्यंगं सरळ करण्यावर पुस्तक लिहिलं, त्यासाठी हा शब्द घडवला. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'पी'नंतर 'ए-ई' येतं, त्यातला 'ए' पाहिला की मूल ओळखू येतं. या संचात स्पेलिंग अमेरिकी, त्यामुळे ती खूणच पुसली गेली. आपल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर कितीदा तरी तो 'ए' असतो. छापणाऱ्यानं एकदा मान वर करून बघायला हवं होतं.

कार्डाचा फोटो काढून मेल केला. उत्तर आलं, परत करायची मुदत दहा दिवसांची होती. अहो, मला पैसे परत नकोच होते, एक दुरुस्त कार्ड हवं होतं. तिसऱ्या फोनला 'पुढच्या आवृत्तीत बघू' म्हणाले. शिकणाऱ्या मुलांच्या हातात चुकीचं ज्ञान पडतंय, याचं कुणाला काहीच वाटू नये, याचा मला अजून राग आहे.

तेव्हापासून आम्ही रोज रात्री पाच कार्डं शब्दकोशाशी ताडून बघतो. आणखी एक सापडलं: 'होमो' म्हणजे माणूस, आणि खाली होमोजीनियस. तो होमो ग्रीक, अर्थ 'सारखा', आपल्या 'सम'चा भाऊ. माणूस तो होमो सेपियन्समधला, लॅटिन.

धातूंवरून शब्द शिकायची पद्धत मात्र मी सोडणार नाही. दंत-डेंटल, नव (म्हणजे नऊ)-नोव्हेंबर ही नाती आपल्या मुलांना पटकन दिसतात. पण साडेसहाशे रुपये हातात असतील तर आधी व्युत्पत्ती देणारा शब्दकोश घ्या. जुना मिळाला तरी चालेल. धातूंची कार्डं घरी कापता येतात. आमचं 'पेड'चं नवं कार्ड लेकीनं लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय, आणि त्यातला 'ए' लाल शाईनं.