एक अँटेना, चार टीव्ही: सात महिने वापरून झाल्यावर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सासरे साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये स्लाउला आले. उभा जन्म कॅरम खेळण्यात गेलेला, त्यामुळे बीबीसीवर शेफील्डची स्नूकरची जागतिक स्पर्धा लागली आणि ते खिळून बसले. पण त्यांच्या खोलीतल्या टीव्हीने वैताग आणला. ऐन शॉटच्या वेळी चित्र थिजायचं, चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा. "अगं, लाल सोंगटी पडली का?" अशी वरून हाक यायची आणि मी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर बघून सांगायचे. सतरा दिवसांची स्पर्धा, आणि निम्मी त्यांनी माझ्या तोंडून ऐकली. मला ते फार लागलं.

ते परत गेल्यावर ऑक्टोबरात मी माळ्यावर चढले. छपरावरचा अँटेना चांगला होता. त्याचं तोंड लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या टीव्ही प्रक्षेपण मनोऱ्याकडे आहे, इथून साधारण ३५ किलोमीटर. गडबड खालच्या वायरिंगमध्ये होती. आधीच्या मालकांनी एकापुढे एक दुहेरी स्प्लिटर (एका केबलचे दोन फाटे करणाऱ्या डब्या) लावले होते: एक फाटा दिवाणखान्याला, उरलेल्याचे पुन्हा दोन, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. साधा दुहेरी स्प्लिटर सिग्नल अर्धा करतो आणि वर थोडा स्वतः खातो, म्हणजे दर वेळी साडेतीन-चार डेसिबल (सिग्नल मोजायचं एकक, तीन गेले की सिग्नल निम्मा) गेले. असे तीन टप्पे पार करून बाबांच्या खोलीत जेमतेम अकरावा ते सोळावा हिस्सा पोचत होता.

जुन्या ॲनालॉग टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण माणसं दिसायची. डिजिटलचं तसं नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख, आणि ती ओलांडली की एकदम काहीच नाही. शिवाय चॅनल गठ्ठ्याने जातात, कारण एका मल्टिप्लेक्सवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरून येणाऱ्या गठ्ठ्यात, अनेक चॅनल असतात. बीबीसी वन, आयटीव्ही वन आणि चॅनल फोर यांचे एचडी चॅनल एकत्र गायब झाले, तर टीव्ही बिघडला असं समजू नका.

आधी मी साधा चौपदरी स्प्लिटर आणून बघितला. सगळ्या खोल्यांना सारखं मिळालं, पण सारखंच कमी. यात सात-आठ डेसिबल जातात. मग साधारण ३० पौंडांचा, चार आउटपुटचा, विजेवर चालणारा लॉफ्ट ॲम्प्लिफायर (माळ्यावर बसवायचा, सिग्नल वाढवणारा डबा) घेतला. तो बसवायची जागा महत्त्वाची. अँटेनाची केबल माळ्यावर उतरते तिथेच तो लावायचा, म्हणजे सिग्नल आधी वाढतो आणि मग वाटला जातो. टीव्हीच्या मागे बूस्टर लावला तर वाटेत मिसळलेला कचराही तेवढाच मोठा होतो. ६९४ मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणारा फिल्टर असलेलाच घ्या. त्यावरच्या लहरी आता इथे मोबाइलला दिल्या आहेत, त्या आत आल्या तर ॲम्प्लिफायर त्यांनीच भरून जातो.

माझ्या ॲम्प्लिफायरला गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, कमीजास्त करायचा छोटा स्क्रू आहे. पहिल्या दिवशी मी तो पूर्ण फिरवला आणि दिवाणखान्यातलं चित्र, जे कधी बिघडलं नव्हतं, तेच तुटायला लागलं. जास्त सिग्नलनेही तेच चौकोन येतात. शेवटी अर्ध्याच्या जरा खाली ठेवला आणि चारही टीव्हींच्या मेनूत गुणवत्तेची पट्टी स्थिरावली.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाला लागणारी पिळायची धातूची टोपी, बसवायला. केबलचं बाहेरचं आवरण सेंटिमीटरभर सोलायचं, तांब्याची जाळी उलटी दुमडायची, आतलं पांढरं इन्सुलेशन कापून मधली तार मोकळी करायची आणि वरून कनेक्टर पिळायचा. जाळीचा केसासारखा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला, की शॉर्ट होऊन सिग्नल गेला. माझा तिसरा जोड असाच गेला होता. टॉर्च तोंडात धरून बघितलं तेव्हा तो धागा चमकला.

जानेवारीत एक नवं दुखणं निघालं. स्वयंपाकघरातलं चित्र दिवसातून दहा-बारा वेळा क्षणभर उडायचं. आठवडाभर मी ॲम्प्लिफायरवर संशय घेतला. मग लक्षात आलं की फ्रिज चालू-बंद होतानाच हे होतं. भिंतीपासून टीव्हीपर्यंतची दीड मीटरची बारीक वायर फ्रिजच्या मागून जात होती आणि तिला नीट शील्डिंग (बाहेरचा विजेचा त्रास अडवणारं आवरण) नव्हतं. तांब्याची जाळी आणि फॉइल दोन्ही असलेल्या केबलचा तुकडा तिथे टाकला आणि तक्रार संपली.

दिवाणखान्यात रेकॉर्डरही आहे. त्यासाठी वेगळा फाटा काढला नाही, भिंतीतून रेकॉर्डरला आणि त्याच्या आउटपुटमधून टीव्हीला. फक्त त्याची वीज वाचवणारी स्टँडबाय सेटिंग बंद करावी लागली, नाहीतर तो झोपला की टीव्हीलाही सिग्नल मिळत नाही.

हे सगळं इंटरनेटवरून बघता येतं की, असं नवरा म्हणाला होता. येतं. पण थेट सामना तिथे मागे पडतो, आणि बाबांना ॲप, लॉगिन, पासवर्ड यात गुंतवायचं मला नको होतं. रिमोटवर दोन दाबलं की बीबीसी टू लागलं पाहिजे. टीव्ही लायसन्स (इथे टीव्ही बघायला पैसे भरून घ्यायचा परवाना) घरटी एकच लागतं, त्यामुळे टीव्ही वाढले म्हणून तो खर्च वाढला नाही.

या एप्रिलमध्ये बाबा परत आले. सतराही दिवस त्यांनी आपल्या खोलीत, दार लोटून स्पर्धा बघितली. एकदा वरून हाक आली तेव्हा मी धसकून धावले. त्यांना रिबाउंड शॉट दाखवायचा होता.