शाफ्ट ड्राइव्ह, मागच्या रिमवरचं तेल आणि जास्तीचे साठ मिली

चेनचा वैताग नको म्हणून शाफ्टची मोटारसायकल घेतली, सेकंड हँड. हिच्यात इंजिनचा जोर चेनऐवजी फिरत्या दांड्याने, म्हणजे शाफ्टने, मागच्या चाकाला जातो. कोल्हापुरातून गगनबावडा, पुढे करूळ घाट उतरून कोकण, असं माझं पावसाळ्यातसुद्धा जाणं असतं. चेनच्या गाडीवर प्रत्येक फेरीनंतर चिखल काढा, चेन धुवा, वंगण मारा, ताण बघा हे चालू असायचं. ते एका झटक्यात संपलं. इंजिन, सीट, मायलेज यावर इतरांनी भरपूर लिहिलंय, मी त्यात भर घालत नाही. मला बोलायचंय ते मागच्या ड्राइव्हमधून, म्हणजे शाफ्टचं फिरणं चाकाला देणाऱ्या गिअरच्या डब्यातून, गळणाऱ्या तेलाबद्दल, कारण त्यापायी दीड लाखाच्या वरचा खर्च माझ्या गळ्यात पडत होता.

पुण्याहून सर्व्हिस करून गाडी आणली. थोड्याच दिवसांत मागच्या रिमच्या आतल्या बाजूला काळी, चिकट लकेर दिसायला लागली. ओल्या घाटात मागच्या टायरवर तेल म्हणजे जिवाशी गाठ, शिवाय ब्रेकची डिस्क तिथून दोन बोटांवर. सर्व्हिसवाल्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, फायनल ड्राइव्हची (म्हणजे त्याच मागच्या ड्राइव्हची) पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, पार्ट बाहेरून मागवावा लागेल, ॲडव्हान्स भरा. गाडी पाहिली नाही, चाक काढलं नाही, बोट लावून तेल कसलं आहे तेही बघितलं नाही. याचा मला राग आला आणि अजून आहे.

शाफ्टच्या गाडीला मागे तेल दिसलं तर ते येण्याच्या जागा मोजक्याच असतात. गिअरबॉक्सच्या आउटपुटचं सील (फिरत्या भागाभोवती तेल अडवणारी रबरी कडी) गेलं तर तेल स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या रबरी बूटात (आवरणात) साठतं. ड्राइव्हच्या पिनियनचं, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या छोट्या गिअरचं, सील गेलं तर मागच्या बूटात. हबचं (चाक जिथे बसतं त्या मधल्या भागाचं) मोठं सील गेलं तर थेट रिमवर. ड्रेन प्लगचा वॉशर जुना झाला असेल तर खालून थेंब पडतो आणि वारा तो मागे उडवतो. आणि कधी कधी ते ड्राइव्हचं तेल नसतंच, मागचा शॉक फुटलेला असतो किंवा ब्रेक ऑइल झिरपत असतं. वास घेऊन बघायचं. गिअर ऑइलमध्ये गंधकाचे घटक असतात, तो उग्र वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइलला तो वास नसतो आणि ते रंग खातं.

मी चाक काढलं, सगळा भाग ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडा केला आणि वर घरातली टाल्कम पावडर भुरभुरली. डिस्कवर आधी फडकं बांधलं होतं, ते काढून चाक परत बसवलं. जवळपास थोडं फिरवून आणून पाहिलं, तर पांढऱ्या पावडरवर एकच ओली रेघ, हबच्या सीलच्या खालच्या कडेतून निघालेली. दोन्ही रबरी बूट सोडवून आत बोट फिरवलं, कोरडे ठणठणीत. म्हणजे गिअरबॉक्सवरचा आणि पिनियनवरचा संशय मिटला. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी चाक धरून हलवलं, खेळ अजिबात नाही. हे फार महत्त्वाचं आहे. चाकाला खेळ असेल तर दुखणं बेअरिंगचं असतं, मग सील कितीही वेळा बदला, ते पुन्हा जाणार. ड्रेन प्लगच्या चुंबकाला मंजनासारखा करडा लेप होता, तुकडे किंवा पापुद्रे नव्हते. आतले दात ठीक असल्याची ती खूण.

मग तेल काढून मोजलं. मॅन्युअलमध्ये २०० मिली लिहिलंय. माझ्या ड्राइव्हमधून २६० मिली निघालं, तेही काही बाहेर गळून गेल्यानंतर!

साठ मिली म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण माझ्या मॉडेलच्या ड्राइव्हला ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) नाही, डबा पूर्ण बंद. घाटात तेल ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की आत कोंडलेल्या हवेचा दाब साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. त्यात तेलही फुगतं. जास्त तेल म्हणजे हवेला जागा कमी, त्यामुळे फुगलेलं तेल तिला आणखी दाबतं. हा सगळा जोर रबराच्या एका पातळ कडेवर येतो. ज्या गाड्यांना ब्रीदर आहे, त्यांचा ब्रीदर चिखलाने बुजला तरी हेच होतं. सर्व्हिसला ड्राइव्हचं तेल बदलल्याचे पैसे घेतलेत, बिलात ओळ आहे. मोजून ओतायला किती वेळ लागतो? एक मापाचा प्याला लागतो.

नवा कॉपर वॉशर टाकून ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल बरोब्बर २०० मिली भरलं. गळती थांबली. सील चांगलं आहे, फक्त तेल मापात ठेवा, असं म्हणून हा अनुभव मी तिथेच संपवणार होतो.

वरचं पावसाळ्याआधी लिहिलेलं आहे, पुढचं दिवाळीनंतरचं. मत बदललंय. ऑगस्टमध्ये रिमवर पुन्हा बारीक लकेर आली. तेल मोजलं तर किंचित कमी, म्हणजे आता जास्तीच्या तेलाचा प्रश्न नव्हता. त्या दाबाने सीलची कड आधीच खराब केलेली होती. त्यामुळे आता माझं सांगणं असं आहे, की जास्त तेलावर गाडी बराच काळ तापून चालली असेल तर तेल मापात आणा आणि सीलही बदलाच.

सीलवर माप छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. त्या मापाचं सील बेअरिंगच्या दुकानात मिळतं. नायट्राइल आणि व्हिटॉन असे दोन प्रकार दाखवतात. नायट्राइल १०० अंशांच्या आसपास कडक व्हायला लागतं, व्हिटॉन २०० पर्यंत टिकतं. मी व्हिटॉन घेतलं, साडेचारशे रुपये. एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: काही सीलच्या कडेवर तिरक्या रेषा असतात आणि फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. त्या रेषा तेल आत ढकलतात. उलट्या दिशेचं सील बसवलं तर तेच तेल बाहेर फेकतं. माप बरोबर, सील नवं आणि तरी गळती, याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

बसवायला उद्यमनगरमधल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. जुनं सील हातात घेऊन त्यांनी कड अंगठ्याने वाकवली, तिथे केसासारख्या भेगा उघडल्या. "हे रबर राहिलंच नाही," म्हणाले. मग नायलॉनची रिंग कातून दिली, बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान. "हातोडीनं ठोकू नकोस. तिरकं बसलं की गेलं. चारी बाजूंनी सारखं दाबत ने." हबवर जुन्या सीलची पुसट चकाकी होती, पण नखाला खाच लागत नव्हती. लागली असती तर नवं सील एखादा मिलिमीटर आत बसवून कड कोऱ्या जागी आणायची, असंही त्यांनीच सांगितलं. कडेला तेलाचं बोट लावून सील दाबलं, टक्क आवाज न होता सरळ आत गेलं. चाक उघडलेलंच होतं म्हणून शाफ्टच्या स्प्लाइनलाही (जोडावरच्या उभ्या खाचांना) मॉली ग्रीस लावून घेतलं. तिथलं जुनं ग्रीस कोरडं पडलेलं होतं, म्हणजे त्याकडेही कोणी बघितलेलं नव्हतं.

सील, तेल, वॉशर, रिंग धरून सगळा खर्च दोन हजारांच्या आत. त्यानंतर आंबोलीला भर उन्हात आणि भर पावसात जाऊन आलो, रिम कोरडी आहे.

शाफ्टला काही करावंच लागत नाही, असं विकताना सांगतात. ते अर्धं खरं आहे. चेनपेक्षा काम फार कमी, पण जे आहे ते मोजून करावं लागतं. गोल्डविंग घ्या की मोटो गुझी, ९० अंशांत वळणारे दातेरी गिअर आणि थोडंसं तेल ही मांडणी सगळीकडे तीच. गाडी विकायचा विचार नाही. जुनं सील आणि बिल घेऊन मी सर्व्हिसवाल्यांकडे गेलो होतो. तेल जास्त भरल्याचं त्यांनी मान्य केलं नाही. आता पुढच्या जॉब कार्डवर ड्राइव्हचं तेल खोडून टाकतो, ते घरी भरतो.